दवाखान्यातून कचेरीत : मृत्यूच्या नोंदवहीने घडवलेला डॉक्टर

रुग्णालयात एखाद्याचा मृत्यू झाला की डॉक्टरांना एक फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव 'मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र'. नातेवाइकांचं त्याकडे सहसा लक्ष जात नाही, आणि त्या वेळी जाणारही नाही. या फॉर्मवर मृत्यूचं थेट कारण लिहायचं असतं, मग ते कशामुळे उद्भवलं ते, आणि शेवटी या साखळीच्या मुळाशी असलेला आजार. उदाहरणार्थ, मेंदूत रक्तस्राव झाला, आणि तो झाला अनेक वर्षांच्या उच्च रक्तदाबामुळे. नुसतं 'हृदय बंद पडलं' असं लिहिलेलं चालत नाही. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं; ते का बंद पडलं, हे सरकारला हवं असतं.

मरणाच्या कारणांना ठरावीक नावं द्यायची, ती मोजायची आणि त्या आकड्यांवरून जिवंत माणसांना वाचवायचं, ही पद्धत रुळवण्यात एका लंडनच्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे. त्याचं नाव विल्यम फार. आडनाव मराठी कानाला गमतीचं वाटेल, पण ते तसंच आहे. या डॉ. फार यांचा दवाखाना नीट चालत नव्हता, आणि वयाच्या एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी त्यांनी तो सोडून सरकारी कचेरीत नोकरी धरली.

त्यांची गोष्ट आज सांगण्याला कारण आहे. 'प्रॅक्टिस सोडून दुसरं काही करता येईल का?' हा प्रश्न हल्ली अनेक तरुण डॉक्टरांच्या मनात असतो. तो मोठ्याने विचारायची मात्र चोरी असते. एमबीबीएसची जागा मिळवायला केलेली धडपड, आई-वडिलांनी काढलेलं कर्ज, गावात लागलेलं नाव, हे सगळं आड येतं. 'एवढं शिकून वाया गेला' हे वाक्य कुणालाच ऐकायचं नसतं. तुम्ही स्वतः डॉक्टर असाल, किंवा तुमचा मुलगा, सून, बहीण या पेशात असेल, तर या लेखातला इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. रुग्णाला तपासणं, निदान करणं, औषध देणं, शस्त्रक्रिया करणं हे 'क्लिनिकल' काम. वैद्यकीय ज्ञान लागतं, पण समोर रुग्ण नसतो, ते 'नॉन-क्लिनिकल' काम. आरोग्य खात्यातलं नियोजन, संशोधन, आकडेवारी, वैद्यकीय लेखन, औषध कंपन्यांतलं सुरक्षिततेचं काम, विम्याचे दावे तपासणं, रुग्णालयाचा कारभार हे सगळं त्यात येतं.

दवाखाना चालेना

विल्यम फार यांचा जन्म १८०७ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात एका गरीब कुटुंबात झाला. गावातल्या जोसेफ प्राइस नावाच्या सधन गृहस्थांनी त्यांना सांभाळलं आणि शिकवलं. १८२८ मध्ये हे गृहस्थ वारले, तेव्हा त्यांनी या मुलासाठी ५०० पौंड ठेवले होते. त्या पैशांवर फार पॅरिसला शिकायला गेले. पॅरिसमध्ये त्या काळी पिएर लुई हे डॉक्टर एक नवी गोष्ट शिकवत होते : उपचार गुणकारी आहे की नाही, हे अनुभवी डॉक्टरच्या मतावर सोडू नका, रुग्ण मोजा. किती बरे झाले, किती दगावले, ते मांडा. आज हे आपल्याला उघड वाटतं, तेव्हा तसं नव्हतं.

लंडनला परतल्यावर फार यांनी १८३२ मध्ये 'अपॉथेकरी' मंडळाचा परवाना मिळवला. अपॉथेकरी म्हणजे रुग्ण तपासून औषध देणारे साधे वैद्यकीय व्यावसायिक. मोठ्या फिजिशियनांच्या पंगतीत त्यांना जागा नसे. फार यांनी फिट्झरॉय स्क्वेअरजवळ दवाखाना थाटला, लग्न केलं. पण लंडनमध्ये ओळखीपाळखी नाहीत, घराणं नाही, मोठी पदवी नाही. प्रॅक्टिस बेताचीच राहिली. आरोग्यरक्षणावर व्याख्यानमाला सुरू करायची खटपट त्यांनी केली, पण मंडळाने तो विषय अभ्यासक्रमात धरला नाही. १८३७ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी वैद्यकीय नियतकालिक काढलं, ते आठ महिन्यांत बंद पडलं. त्याच वर्षी त्यांची पत्नी क्षयाने गेली.

एवढ्यावर कुणीही म्हणालं असतं की या माणसाचं काही खरं नाही. पण या वर्षांत दुसरंही काही चाललं होतं. फार हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लेख लिहीत होते. आयुर्मान, मृत्युदर, आयुर्विमा असे त्यांचे विषय असत. १८३७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याची माहिती देणारा मॅककुलॉक यांचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात जन्म-मृत्यूच्या आकडेवारीवरचं प्रकरण फार यांनी लिहिलं. दवाखान्यातल्या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःला अशा कामासाठी तयार केलं, की जे काम देशात तेव्हा नुकतं जन्माला येत होतं.

कारण १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली होती. लंडनच्या मुख्य कचेरीत नोंदींचे ढीग येऊ लागले. त्यांचा अर्थ लावणारा माणूस हवा होता. पहिले रजिस्ट्रार जनरल थॉमस लिस्टर हे कादंबरीकार. त्यांना आजारांच्या नावांचं काय कळणार? १८३९ मध्ये डॉ. फार त्या कचेरीत सारांश-संकलक म्हणून रुजू झाले. हुद्दा कारकुनासारखा वाटतो. त्या जागी ते चाळीस वर्षं राहिले.

घर जळालं म्हणून

इथे 'लॅन्सेट'च्या संस्थापकाचीही गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांचा मार्ग अगदी वेगळा होता. थॉमस वेकली हे सर्जन होते. लंडनच्या भारी वस्तीत त्यांनी नुकताच संसार आणि व्यवसाय मांडला होता. ऑगस्ट १८२० मध्ये काही माणसांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि घर पेटवून दिलं. त्याच वर्षी काही राजकीय कटवाल्यांना फाशी देऊन त्यांची मुंडकी तोडण्यात आली होती. ते काम वेकलींनी केलं, अशी अफवा उठली होती. विमा कंपनीला संशय आला की वेकलींनी स्वतःच आग लावली. ते कोर्टात गेले आणि जिंकले. पैसे मिळाले, पण प्रॅक्टिस मोडली ती मोडलीच.

पुढे १८२३ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' सुरू केलं. रुग्णालयांतली वशिलेबाजी, चुकलेल्या शस्त्रक्रिया, सगळं नावानिशी छापलं. नंतर ते खासदार झाले आणि १८३९ मध्ये कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. दूध, पीठ, चहा यांतल्या भेसळीची तपासणी 'लॅन्सेट'ने १८५०च्या दशकात केली, आणि तिच्या रेट्यातून १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा आला.

वेकलींना बदल करावा लागला तो परिस्थितीने ढकललं म्हणून. फार हळूहळू सरकत गेले. दोघांनी एक गोष्ट मात्र सारखीच केली : वैद्यकीय ज्ञान मागे टाकलं नाही. सर्जन नसता तर वेकलींना चुकलेली शस्त्रक्रिया ओळखता आली नसती.

कचेरीत बसून काय होतं?

डॉ. फार यांच्यासमोरची पहिली अडचण नावांची होती. एकाच आजाराला तीन-चार नावं होती, आणि एकच नाव तीन-चार वेगवेगळ्या आजारांना वापरलं जात होतं. अशा नोंदी मोजायच्या कशा? त्यांनी आजारांची वर्गवारी केली आणि डॉक्टरांनी कोणती नावं वापरावीत, हे ठरवून दिलं. १८४५ मध्ये इंग्लंडभरच्या डॉक्टरांना मृत्यूच्या कारणाची कोरी प्रमाणपत्रं पाठवण्यात आली. १८७४ च्या कायद्याने असं प्रमाणपत्र देणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या माणसालाच हे काम जमलं असतं. धाप, ताप, अशक्तपणा ही लक्षणं कुठली आणि आजार कुठला, हे नुसत्या गणितज्ञाला कळलं नसतं.

दुसरी अडचण कॉलऱ्याची. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये १४,००० हून अधिक माणसं गेली. फार यांनी मृत्यूंची वस्तीवार मांडणी केली. थेम्स नदीच्या पातळीजवळच्या सखल भागात मृत्यू जास्त, उंचावर कमी. त्यांनी निष्कर्ष काढला की नदीकाठच्या दूषित हवेतून रोग पसरतो. निष्कर्ष चुकीचा होता. पण आकडे खरे होते, आणि ते सगळ्यांसाठी छापले जात होते.

लंडनमध्येच डॉ. जॉन स्नो नावाचे एक डॉक्टर होते. भूल देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला. त्यांचा तर्क असा की कॉलरा पाण्यातून पसरतो. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास साथ भडकली, तेव्हा स्नो नोंदणी कचेरीत गेले आणि त्यांनी मृतांची यादी मागून घेतली. ८३ मृत्यू, पत्त्यांसह. त्या पत्त्यांवर ते फिरले, आणि बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटच्या एकाच पंपाजवळची निघाली. पुढे दक्षिण लंडनमध्ये, मृताच्या घरी कोणत्या कंपनीचं पाणी येत होतं, याची नोंद ठेवण्याची व्यवस्था फार यांनी केली.

स्नो १८५८ मध्ये गेले. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, या वेळी पूर्व लंडनमध्ये. फार यांच्या साप्ताहिक आकड्यांनी सरळ एका पाणीपुरवठा कंपनीकडे बोट दाखवलं. आपला जुना हवेचा सिद्धांत बाजूला ठेवून त्यांनी ते मान्य केलं आणि लिहूनही ठेवलं. एक डॉक्टर रुग्णांत राहिला, दुसरा कागदांत बसला. कॉलऱ्याचं कोडं सुटायला दोघेही लागले.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगावर डॉ. फार सदस्य होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी या कामात मोठी मेहनत घेतली. १८६३ च्या अहवालात आलं की इथे गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता, आणि बहुतेक मृत्यू लढाईत नव्हे, तर छावणीतल्या टाळता येण्याजोग्या आजारांनी होत होते. पुढच्याच वर्षी मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांत आरोग्य-स्वच्छतेसाठी सॅनिटरी कमिशन नेमली गेली.

याची किंमतही असते

गोष्ट गोड करून सांगायची नाही. १८७९ मध्ये रजिस्ट्रार जनरलची जागा रिकामी झाली. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या कामावर कचेरीचं नाव उभं होतं, त्याला डावलून दुसऱ्यालाच ती मिळाली. १८८० मध्ये डॉ. फार यांनी राजीनामा दिला. १८८३ मध्ये ते वारले. रुग्ण बरा झाला की तो स्वतः येऊन आभार मानतो. आकड्यांमुळे वाचलेल्या माणसाला आपण वाचलो, हे माहीतच नसतं. नॉन-क्लिनिकल कामात हे कायमचं आहे, आणि दवाखाना सोडण्याआधी त्याची जाणीव असलेली बरी.

आपल्याकडची दोन नावं

मराठी घरात हा विषय निघाला की डॉ. श्रीराम लागू यांचं नाव हमखास येतं. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात प्रॅक्टिस केलेली. १९६९ मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले, चाळिशी ओलांडल्यावर. पण लक्षात घ्या, कॉलेजच्या दिवसांपासून ते नाटक करत होते, आणि १९५१ मध्येच त्यांनी भालबा केळकरांबरोबर नाट्यसंस्था उभी केली होती. लोकांना दिसली ती १९६९ ची उडी. तिच्यामागे सुमारे वीस वर्षांचा सराव होता.

दुसरे डॉ. अनिल अवचट. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होऊन ते लेखन-पत्रकारितेकडे वळले. घराच्या मिळकतीची बाजू पत्नी डॉ. अनिता यांनी मनोरुग्णालयातल्या नोकरीतून सांभाळली. आणि १९८६ मध्ये दोघांनी मिळून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा लेखकाची नजर आणि डॉक्टरचं शिक्षण एकाच ठिकाणी कामी आलं.

तुम्ही विचार करत असाल तर

या सगळ्यातून आजच्या डॉक्टरने काय घ्यावं?

पहिली गोष्ट : थकवा कशाचा आहे, ते ओळखा. रुग्ण तपासण्याचाच कंटाळा आला आहे, की हे रुग्णालय, या रात्रपाळ्या, हे वरिष्ठ नकोसे झाले आहेत? दुसऱ्या कारणावर उपाय नोकरी बदलणं हा आहे, पेशा बदलणं नव्हे. पंधरा दिवसांच्या खऱ्या सुट्टीनंतरही उत्तर तेच येत असेल, तर पुढचा विचार करा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर करिअरचा निर्णय थांबवून आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटा. डॉक्टरलाही डॉक्टर लागतो.

दुसरी : नवं काम जुनं काम चालू असतानाच सुरू करा. फार यांना नोकरी मिळाली ती अर्ज चांगला होता म्हणून नव्हे. त्यांचं लिखाण चार वर्षं आधीपासून छापून येत होतं. वैद्यकीय लेखनात जायचं आहे? आठवड्याला एक लेख लिहून पाहा. सार्वजनिक आरोग्य? आपल्याच ओपीडीतल्या वर्षभराच्या डेंग्यूच्या नोंदी नीट मांडून पाहा. सहा महिन्यांत त्याची गोडी टिकते की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

तिसरी : पैशांचा हिशेब कागदावर मांडा. शिक्षणकर्जाचा हप्ता, घरखर्च, सरकारी बाँड बाकी असेल तर त्याची रक्कम. सुरुवातीला मिळकत घटू शकते, म्हणून निदान वर्षभराचा खर्च बाजूला असावा. फार यांच्या पाठीशी ५०० पौंड होते, अवचटांच्या पाठीशी घरातला एक पगार होता. पाठीशी काहीच नसेल तर बदल करू नये असं नाही, पण तो सावकाश करावा.

चौथी : दारं बंद करू नका. मेडिकल कौन्सिलमधली नोंदणी चालू ठेवा, तिचं नूतनीकरण वेळेवर करा, त्यासाठी लागणारे क्रेडिट पॉइंट मिळवत राहा. जमत असेल तर आठवड्यातला एक दिवस रुग्ण पाहा. हाताचं कसब वापरलं नाही तर जातं. विशेषतः सर्जन मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

पाचवी : तुमच्या अनुभवातलं नेमकं काय पुढे न्यायचं, ते ठरवा. विम्याचे दावे तपासताना आयसीयूत काढलेली वर्षं कामी येतात. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणाऱ्याला फिजिशियनची नजर लागते. सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी करणाऱ्याला ग्रामीण आरोग्य केंद्रातली नोकरी पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. जो अनुभव तुम्हाला ओझं वाटतो आहे, त्याचंच नव्या ठिकाणी मोल असतं.

आणि घरच्या मंडळींना एक सांगणं. मुलगी किंवा मुलगा असा विचार बोलून दाखवेल, तेव्हा 'लोक काय म्हणतील' याच्या आधी 'काय झालं?' असं विचारा. हा प्रश्न ऐकायला मिळाला नाही म्हणून अनेक जण वर्षानुवर्षं गप्प राहतात.

डॉ. फार यांची आजारांची यादी पुढे वाढत गेली. तिच्यातून आणि नंतर इतरांनी केलेल्या सुधारणांतून आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तयार झालं, आणि १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. त्याची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'बर्नआउट'लाही जागा आहे : आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं तिथे दिली आहेत. ती तुमच्यात किंवा तुमच्या घरातल्या डॉक्टरमध्ये दिसत असतील, तर आजच संध्याकाळी कुणाशी तरी त्याबद्दल बोला.